गाडी मुकी झाली

१० मार्च १९२९, लोणावळा

साहेबांची नवी मोटार काल घाट चढवून मीच मुंबईहून आणली. आज कुठं जायचं नव्हतं, पण हात काही केल्या ती गाडी विसरत नाहीत, म्हणून ही वही काढून बसलो. लढाईत बसऱ्याला लॉरी चालवायचो तेव्हा रोज लिहून द्यावं लागे, किती मैल झाले, काय मोडलं. साहेबांसाठी तसं अजूनही लिहितो. ही वही मात्र माझी.

साहेब गिरगावातले सॉलिसिटर. छातीचं दुखणं लागलं म्हणून दोन वर्षं झाली, मुंबई सोडून इथं बंगल्यावर राहतात. बरोबर त्यांची मुलगी, अरुंधतीताई. मी त्यांचा ड्रायव्हर. माझं घर कामशेतपलीकडं वडिवळ्याला. तिथं झुंबर, माझी बायको, आणि मुलगी रतन. भातशेती धाकटा भाऊ नथू बघतो.

आता गाडीचं. खंडाळ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरवर ती असं काही गुणगुणली की अंगावर काटा आला. बारीक खडी कुठं संपते आणि मुरूम कुठं लागतो ते स्टेरिंगमधून तळहाताला कळत होतं. आमचा बाप औताच्या मागं चालताना म्हणायचा, बैलाच्या मनात काय आहे ते कासऱ्यातून येतं. त्याला मोटार दाखवायला हवी होती. हे सुख कुणाला सांगता येत नाही. झुंबरला सांगायला गेलो तर ती म्हणेल, मग तिच्याशीच लगीन लावायचं हुतं.

साहेब म्हणाले, "महिपती, आता तरी बूट घाल. सॉलिसिटरचा शोफर अनवाणी, लोक हसतील."

मी म्हटलं, "साहेब, बुटात पाय आंधळा हुतो. ब्रेक किती दाबला ते कातडीला कळाय पायजे."

साहेबांनी हात जोडले. अनवाणीच चालवणार.

२४ मार्च

ताईसाहेबांना मोटार शिकायची आहे. वय वीस, मॅट्रिक झालेल्या. साहेब आधी नको म्हणाले, मग स्वतःच म्हणाले, मला रात्रीअपरात्री डॉक्टरकडं न्यायची वेळ आली आणि महिपती गावी असला तर काय करायचं? शिकव तिला.

सकाळी वळवणच्या रस्त्याला नेली. पहिल्या दिवशी सगळे गिअरच्या दांड्याकडं बघतात. त्याही बघत होत्या.

"महिपती, कधी बदलायचा ते कसं कळतं? तुम्ही तर खाली बघतसुद्धा नाही."

"बघायचं न्हाईच, ताईसाहेब. डोळं रस्त्यावर. बाकीचं समदं हात सांगतो."

गाडी उभी करून, इंजीन चालू ठेवून त्यांना दांड्यावर नुसता हात ठेवायला लावला. "काय लागतंय?"

"थरथर."

मी क्लच दाबला. "आता?"

"थांबली."

"थांबली का सारायचा. जोर न्हाई लावायचा, आपसूक जातो."

चौथ्या खेपेला गेला. आवाज नाही, खरखर नाही. त्या जोरात हसल्या आणि लगेच आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मला फार बरं वाटलं. बसऱ्याला मी किती जणांना शिकवलं, पण हाताला इतकी लवकर समज आलेलं माणूस बघितलं नाही.

२ मे

गंमत झाली. पुण्याहून परत आल्यावर रेडिएटरमध्ये पाणी घालायला झाकण फिरवत होतो. बागेत दत्तोबा माळी होता, तो पळत आला. "आरं सोड, सोड! वाफ येतीया!" बघितलं तर तळहाताला रुपयाएवढा फोड.

"तुला भाजल्यालं कळलं न्हाई?"

"न्हाई बा."

पंधरा वर्षं स्टेरिंग धरून हात पोलादाचे झालेत, असं म्हणून मी हसलो. दत्तोबा हसला नाही. त्याला कशाचंच हसू येत नाही.

१९ जून

दोन दिवस वडिवळ्याला जाऊन आलो. उर्शाच्या पाहुण्यांनी रतनला पसंत केलं. मुलगा शाळामास्तर आहे. कार्तिकानंतर लग्न. रतन चुलीमागं जाऊन बसली ती बाहेरच येईना.

कामशेतपासून चालत गेलो. दारात पोचलो तर एका पायात वहाण नाही. कुठं गळाली कळलंच नाही, चिखलानं ओढून घेतली असणार. रतन पोट धरून हसली.

झुंबरला माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, एक फिकट चट्टा दिसला. तिनं चिमटा काढला. "लागतंय?" मी म्हटलं, पेट्रोलनं कातडी मेलीय, काळजी करू नको. तिनं तरी कसला तरी पाला वाटून लावला आणि चट्ट्याकडं बघत बसली. लग्न ठरलं की बायकांना कसलीही काळजी वाटते.

८ ऑगस्ट

गाडीचं काही तरी बिघडलं आहे. तीन आठवडे झाले. क्लच कुठं धरतो ते लागत नाही. गिअर टाकताना खरखरतो, माझ्या हातून! वळणावर स्टेरिंग काही सांगत नाही, नुसतं फिरतं. काल कार्ल्याच्या फाट्यावर चाक चरात गेलं ते मला गाडी कलंडल्यावर कळलं.

गाडी मुकी झाली. दुसरा शब्द सुचत नाही.

ताईसाहेब रोज सकाळी तासभर चालवतात. नवशिक्याचा पाय क्लचवर बसून राहतो, त्यानं आतली पट्टी झिजते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण शंका आहे ती आहे.

१२ ऑगस्ट

शेवटी साहेबांच्या कानावर घातलं. ताईसाहेबांनी क्लच घालवला असावा असं म्हणालो. साहेबांनी त्यांना बोलावून माझ्यासमोरच सांगितलं, गाडी दुरुस्त होईतो हात लावायचा नाही.

त्या जाताना माझ्याकडं बघून गेल्या. मी गाडीचं भलं बघितलं, दुसरं काय करणार?

२२ ऑगस्ट

पुण्याच्या गॅरेजवाल्यानं सगळं उघडून बघितलं. मिस्त्री मुसलमान म्हातारा आहे, हात चांगला. मला शेजारी बसवून त्यानं गणेशखिंडीपर्यंत फेरी मारली. एकदाही खरखर नाही.

"गाडी मक्खन आहे, जमादार," तो म्हणाला. मग माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

मी म्हटलं, माझ्या तब्येतीचं काय, गाडीचं बोला. गाडी घेऊन निघालो. तळेगावच्या पुढं पुन्हा मुकी.

हे मिस्त्री रोज दहा गाड्या बघतात. एकीवर जीव लावून बसणाऱ्यालाच तिचं दुखणं कळतं.

२ सप्टेंबर

ताईसाहेबांना परत परवानगी मिळाली. मी शेजारी बसलो. धुकं होतं, तरी त्यांनी वळवणच्या वळणाला गाडी अशी नेली की पोटातलं पाणी हललं नाही.

मी विचारलं, "क्लच कसा लागतोय?"

"नेहमीसारखा. मऊ." मग जरा थांबून, "महिपती, माझ्यामुळं काही बिघडलं नव्हतं ना?"

"पुढं वळण हाय," मी म्हटलं.

११ सप्टेंबर

आज साहेबांना खोपोलीला न्यायचं होतं. ताईसाहेब माझ्या शेजारी, साहेब मागं. घाटातल्या तिसऱ्या वळणाला समोरून गवताच्या दोन बैलगाड्या वर येत होत्या. मी ब्रेक दाबला. गाडी थांबेना. आणखी जोर लावला, मांडी भरून आली, तरी थांबेना. ब्रेक तुटला असं वाटून खाली बघितलं. माझा पाय ब्रेकवर नव्हताच. शेजारी गाडीच्या तळाच्या फळीवर होता, आणि मी सगळ्या ताकदीनं फळी दाबत होतो.

तेवढ्यात ताईसाहेबांनी हातब्रेक ओढला. गाडी फिरली, मडगार्ड कठड्यावर घासलं, साहेबांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटून फुटलं. गाडीवान उड्या टाकून शिव्या देत होते. खाली दरी.

साहेब रुमाल कपाळाला धरून म्हणाले, "किती प्यायला आहेस?"

मी रतनची शपथ घेतली. जन्मात थेंब घेतला नाही.  परत येताना ताईसाहेबांनी चालवली आणि मी मागं पायाकडं बघत बसलो. अंगठ्याला भलंमोठं कापलं होतं. रक्त वाळून गेलं होतं. कधी कापलं?

१४ सप्टेंबर

साहेबांनी इथल्या डॉक्टरांकडं पाठवलं. दारूचा वास बघतील असं वाटलं होतं. त्यांनी सदरा काढायला लावला, पाठ बघितली, कोपरामागची शीर चाचपली. मग म्हणाले, डोळे मिट, टाचणी टोचली की 'हो' म्हण.

डोळे मिटून बसलो. बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरत होता. बराच वेळ गेला. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, करा की सुरू."

ते म्हणाले, "डोळे उघड."

डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, रक्ताचे नऊ ठिपके होते.

"पायाचंही तसंच आहे," ते म्हणाले. "महिपती, घरात कुणाला महारोग होता का?"

मी नाही म्हटलं. मग विचारलं, "मंजे गाडी बरी हाय?"

डॉक्टरांना कळलं नाही मी काय विचारतोय ते. कडू तेलाची इंजेक्शनं असतात म्हणाले, काहींना गुण येतो. गेलेली जाणीव परत येते का, असं मी विचारलं. ते हात धुवायला उठले. बराच वेळ धुतले.

१५ सप्टेंबर

गाडी बरी आहे. गाडी पहिल्यापासून बरीच होती.

१८ सप्टेंबर

साहेब व्हरांड्यात बसूनच बोलले. मी खाली अंगणात उभा. "महिपती, तुझा दोष नाही. पण मुलगी आहे घरात. आणि रस्त्यावर समोरून लोकांच्या गाड्या येतात."  मी म्हटलं, बरोबर आहे साहेब.

दत्तोबानं गाडी फिनेलनं धुतली. स्टेरिंगवर मी उन्हाळ्यात कातडं शिवलं होतं, ते सोडवून बागेच्या कोपऱ्यात जाळलं. कातड्याचा धूर फार वाईट असतो. ताईसाहेबांना तपासायला डॉक्टर आले होते. सगळी बोटं, दोन्ही हात. त्यांना काही नाही, हे दत्तोबानं लांबूनच ओरडून सांगितलं. त्या दिवशी त्या खाली आल्या नाहीत. खिडकीत होत्या बहुतेक.

क्लच घालवला म्हणून मी त्यांना बोल लावला होता. तेवढं एक सांगायचं होतं.

६ डिसेंबर, वडिवळे

अडीच महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

नथूनं रानात, ओढ्याच्या कडेला खोप घालून दिली आहे. भाकरी झुंबर आणते. दगडावर ठेव आणि जा असं मी सांगितलं. ती दगडावर ठेवत नाही, जातही नाही.

उर्शाहून निरोप आला. मास्तरांच्या घरी सोयर आल्यामुळं लग्न पुढं ढकललं आहे. नथू हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हता. झुंबर म्हणाली, माघात पुन्हा विचारू. मी हो म्हटलं. सोयर काय माघापर्यंत फिटेल.

२३ जानेवारी १९३०

दर पंधरवड्याला चालत वडगावला जाऊन इंजेक्शन घेतो. पाठीत गाठी येतात. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. दुपारी बांधावर बसून आकड्यासारख्या बोटांनी दांडा धरता येईल का ते काठीवर करून बघतो. पहिला, दुसरा, तिसरा. धरता येतो. पण धरलेला आहे का ते बघावं लागतं.

आज झुंबर शेजारी येऊन बसली. दोघंही ओढ्याकडं बघत होतो. हरभऱ्याचं बोलत होती, पानांवर आंबट दव, आंब, चांगली धरलीय म्हणून. बोलता बोलता थांबली. मी वळून बघितलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि माझा हात तिच्या दोन्ही हातांत होता.

मी विचारलं, "कवाधरनं धरलायस?"

"लय येळ झाला," ती म्हणाली.

१९ मार्च

माघ गेला. उर्शाच्या मास्तराचं लग्न चाकणकडं झालं.

नथू आला. खोपीपासून दहा हात लांब बसला. "दादा, पंचांनी आपल्याला पाणवठा बंद केलाय. वयनी रोज वढ्याचं गढूळ पाणी आणतीया. रतनला शेरडं राखाय कुणी संगं घेत न्हाई."

"माझ्यापायी."

"मी तसं न्हाई म्हणत."

"मंग काय म्हणतोस?"

तो मातीत रेघा ओढत राहिला. भांडण नाही, काही नाही. बिचारा उपाय विचारायला आला होता आणि उपाय त्याच्यासमोरच बसला होता.

पुण्यापलीकडं महारोग्यांचा आश्रम आहे. मी तिथं गेलो की घर शुद्ध करून घेतील आणि पाणी सुरू होईल. झुंबरला सांगितलं. ती म्हणाली, मी संगं येती. मी म्हटलं, मग रतनचं कोण बघणार? ती भाकरीच्या फडक्याची घडी घालत राहिली, आणि मी जिंकलो. इतकं वाईट जिंकणं आयुष्यात झालं नाही.

४ एप्रिल

रेल्वेत बसू देतील का, टांगेवाला घेईल का, काही ठाऊक नाही. पंचवीस-तीस मैल या पायांनी चाललो तर पायांचं काय होईल तेही ठाऊक नाही. नथूला लोणावळ्याला पाठवून दत्तोबाकडून साहेबांना विचारलं, एखादी मालाची लॉरी बघून देतील का.

उत्तर ताईसाहेबांनी लिहिलं. बाबा मुंबईला प्रकृती दाखवायला गेले आहेत. मी स्वतः येते. शनिवारी सकाळी कामशेतच्या खिंडीपाशी थांबा.

१३ एप्रिल, आश्रम

काल आलो. आठवतंय तोवर लिहितो. पेन्सिल बोटाला चिंधीनं बांधली आहे.

झुंबर आणि रतन खिंडीपर्यंत आल्या. रतननं पाया पडायला हात पुढं केला, मीच मागं सरलो. नथूनं गाठोडं रस्त्यावर ठेवलं. मग लांबून गाडीचा आवाज आला. चढाला गिअर बदलला तो मी कान देऊन ऐकला. बदलला एवढंच कळलं, इतका साफ.

ताईसाहेब एकट्याच होत्या. वाळल्या आहेत. हातांत पांढरे हातमोजे, मडमा घालतात तसे, कोपरापर्यंत. मागच्या सीटवर धुतलेली चादर अंथरली होती. माझ्यासाठी आजवर कुणी बसायला चादर घातली नव्हती.

"बसा, महिपती."

झुंबर गाडीमागं थोडी पळाली. मागं वळून बघितलं तेव्हा धुरळ्यात काही दिसलं नाही.

वडगाव मागं पडलं. मग मी म्हटलं, "ताईसाहेब, त्या क्लचचं. तुमचा कायबी दोष नव्हता. मी खोटं सांगितलं साहेबांना. मंजे मला ते खरंच वाटत हुतं."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कवाधरनं?"

"तुम्ही पायाकडं बघून ब्रेक दाबायला लागलात तेव्हापासून. मी बाबांना सांगायला हवं होतं. तुम्हाला काढतील म्हणून सांगितलं नाही. मग घाटात..."

उन्हाचा कडाका होता. मोज्यांत हात घामेजले असणार, कारण स्टेरिंग दोनदा सटकलं. मी म्हटलं, "ते मोजे काढा, ताईसाहेब. त्येनं गाडी कळत न्हाई हाताला."

मोजे तसेच राहिले. गाडीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

देहू रोडच्या पुढं रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना माळ, समोर चिटपाखरू नाही. बसल्या जागी पाठीला आणि मांड्यांना गाडी कळत होती, तेवढं अंग अजून माझं आहे. डोळे मिटले. खडी, मुरूम, खडी. गाडी मुकी नव्हती. सात महिन्यांत पहिल्यांदा मी माणसात होतो. आणि मला राहवलं नाही.

"ताईसाहेब, एक मैल द्या. हितं कोन न्हाई. एकच मैल. मंग पुन्यांदा मागणार न्हाई."

गाडीचा वेग कमी झाला. वाटलं थांबवतात. त्यांची मान खाली गेली, मग वर आली.

"नाही, महिपती."

एवढंच. आणि गिअर वर टाकला.

मी रागावलो. मनात फार वाईट बोललो. आता इथं बसून वाटतं, दुसरं काय म्हणणार होती? मीच तिच्या जागी असतो तर म्हणालो असतो का, बसा? नसतो म्हणालो. तरी एक मैल होता, सरळ होता.

आश्रमाच्या फाटकाशी कारकुनानं वहीत नाव घातलं आणि काय काम येतं ते विचारलं. मोटार चालवतो म्हणालो. तो वर न बघता म्हणाला, इथं भाजी लावणं आणि सुंभ वळणं, दोनच कामं. सुंभाला बोटं लागतात. भाजी लिहा म्हणालो.

शेजारच्या खाटेवर भिमाजी म्हणून एक जण आहे, चौदा वर्षं इथं. त्यानं विचारलं, "गाडीतनं आलास? कोन हुती?" मी म्हटलं, माझी शिष्या. त्याला वाटलं मी बढाई मारतो.

ताईसाहेब फाटकाबाहेर गाडी वळवून थांबल्या होत्या. मी कुंपणापाशी उभा राहून बघत होतो, त्यांना मी दिसत नसणार. त्या खाली उतरल्या. मागच्या सीटवरची चादर काढून चरात टाकली. मग दोन्ही हातमोजे एकेक करून, उलटे करत काढले आणि तेही टाकले. गाडीत बसून मोकळ्या हातांनी स्टेरिंग धरलं, आणि गाडी एकदाही न खरखरता पुण्याच्या रस्त्याला लागली.

मोजे काढले ते बरं केलं. आता घाटापर्यंत तिला गाडी नीट कळेल.